उजवा गाल

दीनानाथ खांबेटे केंद्र सरकारच्या नोकरीत सदतीस वर्षं होते आणि त्या सदतीस वर्षांत त्यांनी कुणाला मोठ्या आवाजात एक प्रश्न विचारला नाही. फाइलवर टिपण लिहायचं तर ते आधी पेन्सिलीनं लिहीत, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला वाचायला देत आणि मग शाईनं गिरवत. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहत असताना त्यांची बायको वैजयंती शेजारणींना सांगायची, "ह्यांना बसमध्ये 'रोको' म्हणायची लाज वाटते. म्हणून आम्ही दोन स्टॉप पुढे जाऊन उतरतो आणि मागे चालत येतो. तब्येतीला चांगलं असतं म्हणे!" शेजारणी हसायच्या, दीनानाथही हसायचे. तिनं बोलायचं आणि ह्यांनी हसायचं अशी त्या संसाराची वाटणी होती. मूलबाळ झालं नाही, तेव्हाही लोकांच्या प्रश्नांना उत्तरं तिनंच दिली.

असा हा माणूस अडुसष्टाव्या वर्षी रोज संध्याकाळी तीस-चाळीस प्रश्न विचारू लागला, तेही खणखणीत आवाजात.

मयूर विहारमधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, वैजयंतीच्या पलंगाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर ते बसत. मांडीवर एक जाडजूड इंग्रजी गाइड असे. उत्तरं द्यायची अहिल्यानं. ती तेव्हा पोळ्या लाटत असायची, नाहीतर वैजयंतीच्या पायांना तेल लावत असायची.

"वॉर्डात एकाच वेळी चार रुग्णांनी बेल वाजवली," दीनानाथ इंग्रजीतून वाचून मराठीत सांगत. "अ ला दुखतंय, गोळी हवी आहे. ब ला बाथरूमला जायचंय. क ची बायको रडतेय. ड ला जेवताना ठसका लागलाय. आधी कुणाकडे जाशील?"

"ड."

"ब बिचारा पडला तर?"

"काका, श्वास पहिला. श्वास अडला की बाकीचे तिघं असून नसल्यासारखे."

"आणि क ची बायको?"

"तिला तुम्ही पाणी द्या, आलात तर."

अहिल्या हिंगोलीकडची. नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स करून दिल्लीला आलेली आणि नोएडाच्या एका खाजगी नर्सिंग होममध्ये वॉर्डात नोकरीला लागलेली. तिला कॅनडाला जायचं होतं. तिथं प्रॅक्टिकल नर्स म्हणून काम करायचं तर त्यांची लायसन्सची परीक्षा द्यावी लागते. ती परीक्षा कॉम्प्युटरवर असते आणि किती प्रश्न येतील हे आधी कुणालाच माहीत नसतं. बरोबर उत्तर दिलं की पुढचा प्रश्न अवघड येतो, आणि कॉम्प्युटरची खात्री पटली की तो आपणहून बंद होतो. उन्हाळ्यात अहिल्या एकदा नापास झाली होती. त्यानंतर आठ दिवस ती कुणाशी बोलली नाही. नवव्या दिवशी दीनानाथांनी न विचारता गाइड उचललं आणि पान एकपासून सुरुवात केली. हात कधी धुवायचे, नाडी किती वेळ मोजायची, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस किती वेळानं बदलायची.

त्यातलं बरंचसं त्यांना ठाऊकच होतं. अहिल्यानंच शिकवलेलं.

दोन वर्षांपूर्वी वैजयंतीला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. सगळे शब्द गेले, एक राहिला. तो होता 'बिल्कुल'. ही बाई वीस वर्षं दर रविवारी दिल्लीतल्या मराठी मुलांना मराठी शिकवायची आणि कुणी 'बिल्कुल' म्हटलं की त्याला उभं करून 'अगदी' किंवा 'मुळीच' दहा वेळा म्हणायला लावायची. तिच्या तोंडात नेमका तोच उरला. चहा हवा असला तरी बिल्कुल, नको असला तरी बिल्कुल. दीनानाथ हळूहळू तिचे सात-आठ तऱ्हेचे बिल्कुल ओळखू लागले. त्यात एक खास त्यांच्यावर चिडण्याचा होता आणि तो ऐकला की त्यांना बरं वाटायचं.

बोलण्यापेक्षा मोठी अडचण गिळण्याची होती. घशाची एक बाजू लुळी पडलेली. हॉस्पिटलात असतानाच एकदा घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरला, छातीत संसर्ग झाला आणि बारा दिवस ती आयसीयूत राहिली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "इस बार बच गईं. दोबारा छाती में गया तो मैं कुछ नहीं कह सकता." दीनानाथांनी त्या वाक्याची मनात घडी घालून ठेवली. सकाळी उठल्यावर आधी ते वाक्य आठवायचं आणि मग बाकीचा दिवस.

त्याच आठवड्यात मराठी मंडळाच्या ग्रुपवर अहिल्याचा मेसेज आला होता की राहायला खोली हवी आहे. मागची खोली तिला दिली. त्या बदल्यात वैजयंतीचं सकाळ-संध्याकाळचं तिनं बघायचं आणि दुपारचं दीनानाथांनी, असं ठरलं.

पहिल्याच दिवशी तिनं त्यांना पलंगाशी उभं केलं. "काका, बघा. भरवायचं तेव्हा पाठ सरळ. हनुवटी थोडी खाली. छोटा चमचा, आणि घास डाव्या बाजूला ठेवायचा, कारण उजवीकडे काकूंना कळतच नाही की तोंडात काही आहे. पाणीसुद्धा घट्ट करून. आणि झाल्यावर?"

"झाल्यावर तोंड पुसायचं."

"त्याच्या आधी. उजवा गाल बघायचा. बोट घालून. तिथं घास साठून राहतो. तो गालात असताना आडवं केलं की सरळ छातीत. आणि झाल्यावर अर्धा तास बसवूनच ठेवायचं. त्या कितीही चिडल्या तरी."

"बिल्कुल," वैजयंती चिडून म्हणाली.

अहिल्यानं एक वही सुरू केली. तारीख, वेळ, काय दिलं, किती चमचे, ठसका लागला की नाही, किती वेळ बसवलं. "आमच्यात असं असतं काका, जे लिहिलं नाही ते केलंच नाही असं धरतात. आणि जे लिहिलंय त्यावर पुढची नर्स डोळे मिटून विश्वास ठेवते." दीनानाथांना ती वही फार आवडली. सरकारी माणूस, रकाने आखलेले असले की त्याच्या जिवाला स्वस्थता. दुपारच्या नोंदी ते इतक्या सुबक अक्षरात करत की अहिल्या तिच्या वॉर्डातल्या मैत्रिणींना त्यांचे फोटो दाखवायची. दोन वर्षांत वैजयंतीच्या पाठीला एक जखम झाली नाही आणि छातीत एकदाही काही गेलं नाही. खालच्या मजल्यावरचे अंबादासराव म्हणायचे, "खांबेटे, तुम्ही आता परीक्षेला बसाच. दोघं मिळून जा कॅनडाला."

गाइडमध्ये गिळण्यावर एक आख्खं प्रकरण होतं. त्यातला एक प्रश्न दीनानाथांना इतका आवडला होता की ते तो दर दोन दिवसांनी विचारत. अर्धांगाच्या रुग्णाला भरवून झाल्यावर नर्सनं सर्वात आधी काय पाहावं?

"दुबळ्या बाजूचा गाल," अहिल्या कंटाळून म्हणायची. "काका, दुसरं विचारा. हे झोपेत पण येतंय."

"मलापण," दीनानाथ म्हणायचे.

नोव्हेंबर आला. दिल्लीचा नोव्हेंबर म्हणजे धूर. समोरची इमारत दुपारी बारालासुद्धा पुसट दिसे. सोसायटीतला प्रत्येक माणूस खोकत होता, गार्डपासून दुसरीतल्या पोरांपर्यंत. अहिल्यानं खिडक्यांच्या फटींत जुन्या साड्यांच्या पट्ट्या कोंबल्या. अशा दिवसांत, एका मंगळवारी, तिनं दुसऱ्यांदा परीक्षा दिली. कॉम्प्युटर लवकर बंद झाला. लवकर बंद होणं चांगलं की वाईट, हे तिला कळेना आणि दीनानाथांनाही कळेना.

गुरुवारी दुपारी बाराच्या सुमाराला तिचा फोन आला. ती ड्यूटीवर होती. आधी नुसता श्वास ऐकू आला.

"काय झालं? अहिल्या? बरी आहेस ना?"

"काका, झाले. पास झाले."

दीनानाथ म्हणाले, "अभिनंदन," आणि हा शब्द आपण आजवर फक्त लिहीत आलो असं त्यांना वाटून गेलं.

फोन ठेवून ते पलंगाशी आले. "वैजू, अहिल्या पास झाली. लायसन्स मिळणार तिला."

वैजयंतीचा डावा हात वर आला. "बिल्कुल! बिल्कुल! बिल्कुल!" हा बिल्कुल त्यांनी कधी ऐकला नव्हता. तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मग तिनं देवाच्या फळीकडे बोट केलं आणि नंतर स्वतःच्या तोंडाकडे.

आनंदाची बातमी आली की आधी देवापुढे पेढे आणि मग घरातल्यांचं तोंड गोड. हे त्या घरात चाळीस वर्षं चालत आलेलं. दीनानाथांची बढती झाली तेव्हा, हा फ्लॅट मिळाला तेव्हा, पुण्याच्या पुतण्याचं, पुष्करचं, लग्न ठरलं तेव्हा, प्रत्येक वेळी पेढे तिनंच आणले होते. दीनानाथांनी चप्पल घातली, शेजारच्या मुलीला पाच मिनिटं बसवलं आणि मार्केटमधून पाव किलो मथुरेचे पेढे घेऊन आले. तपकिरी, कोरडे, बोटांत धरले की रवाळ भुगा होणारे.

त्यांनी काळजी घेतली नाही असं नाही. पलंगाची पाठ सरळ केली. हनुवटी खाली घेतली. पेढा कुस्करून दुधात कालवला आणि चण्याच्या डाळीएवढा कण डाव्या बाजूला ठेवला. तिनं डोळे मिटले. दोन वर्षं तिनं मुगाचं घट्ट वरण, नाचणीची खीर आणि कुस्करलेलं केळं यांपलीकडे काही खाल्लं नव्हतं. तिनं डोळे उघडले आणि आणखी मागितलं. त्यांनी दिलं. पुन्हा मागितलं. एक पेढा संपला, दुसरा संपला. तिसऱ्याच्या वेळी दूध संपलं होतं आणि उठून आणायला त्यांना धीर नव्हता, कारण ती हसत होती. तिसरा त्यांनी कोरडाच दिला.

तेवढ्यात फोन वाजला. हिंगोलीहून अहिल्याची आई बोलत होती. पोरीचा मेसेज मिळाला होता, पण फोन लागेना म्हणून ह्यांचा नंबर लावला होता. ती रडत होती, देवाचे आणि ह्यांचे आभार मानत होती. दीनानाथ फोनवर कधी दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलले नव्हते. त्या दिवशी ते बोलत सुटले. अहिल्या कशी पोळ्या लाटता लाटता उत्तरं द्यायची, कुठला प्रश्न ती नेहमी चुकायची, कॅनडात थंडी किती असते. बोलता बोलता त्यांना दिसलं की वैजयंती एका बाजूला कलंडते आहे, दमली आहे. फोन खांद्याशी धरून त्यांनी पलंगाचा दांडा फिरवला आणि पाठ खाली केली. हाताला सवय होती. दांडा फिरत गेला आणि ते अहिल्याच्या आईला सांगत राहिले, "तुमची मुलगी म्हणजे काय सांगू तुम्हाला..."

ठसका ऐकू आला तेव्हा त्यांनी फोन टाकला. तिला उठवलं, पुढे वाकवलं, पाठीवर थापलं. तिचा चेहरा आधी लाल झाला आणि मग करडा. त्यांनी उजव्या गालात बोट घातलं. तिथं पेढ्याचा लगदा होता, सुपारीएवढा. तो काढला. थोड्या वेळानं ठसका थांबला. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि चिडण्याचा तो बिल्कुल म्हणाली. दीनानाथ खुर्चीत बसले. थांबलं, म्हणजे निघालं असणार सगळं, असं ते स्वतःला सांगत राहिले. उरलेल्या पेढ्यांचा डबा त्यांनी कपाटावर सूटकेसच्या मागे ठेवला. मग वही उघडली. पेन बराच वेळ हातात होतं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'दु. १२.३०. मुगाचं वरण, ६ चमचे. ठसका नाही. अर्धा तास बसवले.' अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.

अहिल्या पाचला आली ती पेढ्यांचा पुडा घेऊन. आधी देवापुढे ठेवला, वाकून दोघांच्या पाया पडली. वैजयंती खोकली. अहिल्या पाया पडता पडता थांबली.

"काका, आवाज ओला येतोय काकूंचा."

तिनं ताप पाहिला, नव्याण्णव. बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावलं, चौऱ्याण्णव. श्वास मोजले. मग वही उघडली, दुपारची ओळ वाचली आणि तरीही विचारलं, "दुपारी वरणच दिलं ना?"

"हो."

"ठसका वगैरे?"

"छे."

ती विचार करत उभी राहिली. खालून कुणाच्या तरी खोकण्याचा आवाज येत होता. "मग धुरानंच असेल. मी वाफ देते. सकाळी ताप चढलेला असला तर लगेच न्यायचं." आणि मग ती हसून म्हणाली, "आज काकूंना पेढा नाही हं. त्यांच्या वाटचा मी खाते."

दीनानाथांनी तिच्या हातून पेढा घेतला. ती वाफेचं पाणी ठेवायला गेली तेव्हा तो पुड्यात परत ठेवला.

सकाळी ताप एकशे दोन होता आणि श्वास घेताना वैजयंतीच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. अॅम्ब्युलन्स, आयसीयू, नळ्या. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून सांगितलं की छातीत काहीतरी गेलं आहे, पुष्कळ गेलं आहे. सहाव्या दिवशी, सकाळी दहा वाजता, वैजयंती गेली. शेवटचे दोन दिवस तिनं तो एक शब्दही म्हटला नाही.

पुण्याहून पुष्कर आला. अंत्यविधी, दिवस, सगळं त्यानं केलं. मराठी मंडळातली माणसं येऊन बसत आणि म्हणत, दीनानाथांनी बायकोची केली तशी सेवा आजकाल कोण करतो. दीनानाथ मान खाली घालून ऐकत. त्यांच्या मानेचा अर्थ लोकांनी आपापल्या परीनं लावला.

चौदाव्या दिवशी पुष्कर परत गेला. त्या संध्याकाळी अहिल्यानं दोघांची ताटं वाढली आणि स्वतः न बसता उभीच राहिली.

"काका, मी कॅनडाला जाणार नाही."

"काय झालं?"

"त्या गुरुवारी सकाळी काकूंना खीर भरवली ना, तेव्हा माझ्या एका हातात मोबाइल होता. रिझल्टचं पान सारखं उघडून बघत होते. गाल बघितला नाही मी. दहा मिनिटांत पलंग खाली केला आणि मेट्रोला पळाले." तिचा आवाज सरळ होता. ती हे खूप वेळा स्वतःशी म्हणून चुकली असावी. "मी वही कितीदा वाचली, काका. तुमची दुपार अगदी व्यवस्थित आहे. वरण, ठसका नाही, अर्धा तास. मग राहिलं काय? माझी सकाळ. पास झाले त्याच दिवशी मी एक माणूस घालवलं. कुठल्या तोंडानं लायसन्स घेऊ? उद्या नोकरीचा पण राजीनामा देते."

दीनानाथ ताटातल्या भाताकडे बघत होते. गप्प बसणं त्यांना जमत होतं. तेवढंच तर आयुष्यभर जमलं होतं. ते गप्प राहिले असते तर कुणाला कधी काही कळलं नसतं. ही मुलगी गावी गेली असती, आणि लोक म्हणत राहिले असते की काय सेवा केली.

"वरण नव्हतं," ते म्हणाले.

"काय?"

"दुपारी. वरण नव्हतं ते. पेढा होता. तू पास झालीस म्हणून."

अहिल्या समोरच्या खुर्चीवर बसली. "किती?"

"तीन."

"तीन कण?"

"तीन पेढे. छोटे होते तसे. शेवटचा कोरडा दिला. दूध संपलं होतं."

"गाल बघितला?"

"तुझ्या आईचा फोन आला. मी बोलत बसलो."

"बसवून ठेवलं होतं?"

"नाही."

"ठसका?"

"लागला. मोठा लागला. चेहरा करडा झाला होता. मग थांबला."

ती वॉर्डात विचारावं तसं एकेक विचारत गेली, आवाज न चढवता, आणि ते सांगत गेले. मग प्रश्न संपले.

"मी संध्याकाळी विचारलं होतं तुम्हाला. दोनदा विचारलं."

"भीती वाटली."

"कुणाची?"

"तुझी."

"माझी?" सत्तावीस वर्षांच्या त्या मुलीचा चेहरा वेडावाकडा झाला. "अहो काका, मी काय केलं असतं? ओरडले असते. आणि त्याच मिनिटाला गाडी बोलावली असती. धुरानं असेल म्हणून वाफ देत बसले नसते. आख्खी रात्र होती आपल्या हातात. संध्याकाळी कळलं असतं तर..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं, असं दीनानाथांना वाटलं.

"आणि हे चौदा दिवस?" ती म्हणाली. "मी रोज तुमच्यासमोर रडत होते. तुम्ही माझ्या डोक्यावर हात फिरवत होतात."

तिनं ताटं उचलली. स्वयंपाकघरात बराच वेळ नळ वाहत राहिला. सकाळी तिनं दोन बॅगा भरल्या आणि नोएडाच्या हॉस्टेलवर गेली. मागच्या खोलीत पुस्तकं तेवढी राहिली.

एकदा जीभ सैल झाल्यावर दीनानाथांना गप्प बसवेना. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगू लागले, "तिला पेढा मी दिला होता. त्यानंच गेली." पण लोकांनी ते ऐकून घेतलं नाही. अंबादासराव त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "खांबेटे, असं मनाला लावून घेऊ नका. सवाष्ण गेल्या, तोंड गोड करून गेल्या. याहून मोठं भाग्य ते कुठलं?" मंडळातल्या बायकांनी तर ती गोष्ट आपापसांत फार कौतुकानं सांगितली. शेवटचा पेढा नवऱ्याच्या हातून! दीनानाथ सांगत, "अहो, छातीत गेला तो," आणि समोरचा माणूस चहा कसा झालाय ते बोलू लागे. ज्याचा तोल जावा, ज्यानं दोन शब्द सुनावावेत, असं त्या सगळ्यांत कुणी नव्हतं. सुनावणारी एकच होती आणि तिचा फोन येत नव्हता.

जानेवारीत, जायच्या आदल्या दिवशी, अहिल्या पुस्तकं न्यायला आली. राजीनामा तिनं तेव्हा दिला नव्हता; व्हिसाही आला होता आणि कॅनडाला ती जात होती. दीनानाथांनी पुस्तकं एका कापडी बॅगेत भरून ठेवली होती. सगळ्यात वर गाइड. तिनं चहा नको म्हटलं. वैजयंतीच्या फोटोपुढे क्षणभर उभी राहिली. पलंग हलवल्यामुळे तिथली फरशी बाजूच्या फरशीपेक्षा उजळ दिसत होती.

"अहिल्या," दीनानाथ म्हणाले, "एक विचारू? लोक मला भाग्य म्हणून सांगतात. तू तरी खरं सांग. माझ्यामुळेच गेली ना ती?"

ती बॅगेच्या बंदाशी चाळा करत राहिली. ती खोटं बोलेल अशी त्यांना एक क्षण आशा वाटली, आणि लगेच भीतीही वाटली.

"हो, काका," ती म्हणाली. "पेढा समजू शकते मी. माझ्याही हातून त्या दिवशी गाल बघायचा राहिलाच होता. आनंदात माणूस चुकतं. पण वहीत तुम्ही आनंदात नाही लिहिलंत. शांतपणे बसून लिहिलंत. आणि मी त्यावर विश्वास ठेवून वाफ देत बसले." तिनं बॅगेचा बंद खाली सोडला. "तुम्ही मला सांगितलंत नसतं तर मी आज हिंगोलीत असते. ते पण मला कळतं. दोन्ही कळतं. पण एकानं दुसरं पुसलं जात नाही, काका. मी प्रयत्न करून बघितला."

दीनानाथांनी मान हलवली. त्या दोन महिन्यांत कुणीतरी पहिल्यांदाच त्यांच्याशी सरळ बोललं होतं.

बॅग जड होती. लिफ्ट बंद होती. एक बंद तिनं धरला, दुसरा त्यांनी, आणि दोघं एकेक पायरी उतरत खाली आले. टॅक्सीवाल्यानं बॅग डिकीत टाकली. ती वाकली, त्यांच्या पायांना हात लावला आणि आशीर्वादाची वाट न बघता गाडीत बसली. थंडीमुळे काच वरच होती. गाडी फाटकातून डावीकडे वळली आणि धुक्यात दोन लाल दिवे काही वेळ दिसत राहिले.

फाटकावरचा गार्ड शेकोटीला हात शेकत बसला होता. "बिटिया जा रही है, खांबेटेजी? फिर कब आएगी?"

"अब नहीं आएगी," दीनानाथ म्हणाले, आणि जिन्याकडे वळले.